रंगावर जाऊ नका: खानदेशातला नाकतोडा ओळखायचा कसा

मे 2020 मध्ये वाळवंटी टोळांचे थवे राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत उतरले, तेव्हा खानदेशातल्या मोबाइलवरही नाकतोड्यांचे फोटो फिरू लागले. बांधावरच्या गवतात, उभ्या पऱ्हाटीवर किंवा केळीच्या पानावर बसलेला एखादा मोठा कीटक आणि खाली एकच प्रश्न: ‘भाऊ, हा टोळ तर नाही ना?’ उत्तर देणारे बहुतेक जण रंग पाहून उत्तर देत होते. पिवळा दिसला की टोळ आणि हिरवा दिसला की साधा नाकतोडा, असा सरळ हिशेब होता. हा हिशेब बहुधा चुकतो, कारण नाकतोड्याच्या अंगावरची सर्वांत बेभरवशाची खूण कोणती असेल, तर ती रंगच आहे. एकाच जातीचा एक नाकतोडा पोपटी हिरवा आणि दुसरा वाळक्या गवताच्या रंगाचा असू शकतो. उलटपक्षी, अगदी सारख्या रंगाचे दोन नाकतोडे वेगवेगळ्या कुळांतले निघू शकतात. म्हणून ओळख पटवायची ती शरीराच्या रचनेवरून, ठरावीक क्रमाने, आणि रंगाची साक्ष घ्यायची ती सर्वांत शेवटी.

क्रमाचे महत्त्व लक्षात येण्यासाठी पसारा किती मोठा आहे हे पाहावे. नाकतोडे, टोळ, रातकिडे आणि त्यांचे सगळे नातेवाईक मिळून जगात पंचवीस हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत, आणि त्यांपैकी अकरा हजारांहून अधिक जाती आखूड मिशांच्या, म्हणजे खऱ्या नाकतोड्यांच्या आहेत. एवढ्या गर्दीत एकदम जातीच्या नावावर उडी घेता येत नाही. आधी गट, मग कूळ, मग प्रजाती आणि त्यानंतर जाती, अशा पायऱ्या उतरत जावे लागते. प्रत्येक पायरीवर ‘हे काय आहे’ यापेक्षा ‘हे काय नाही’ असे विचारले, तर काम लवकर होते.

मिशा, कान आणि पंखांचे कोंब

पहिली चाळणी मिशांची. डोक्यावरच्या मिशा शरीराइतक्या किंवा त्याहूनही लांब आणि केसासारख्या बारीक असतील, तर तो कीटक रातकिडा किंवा लांब मिशांचा गवती कीटक समजावा. आपण ज्याला शोधत आहोत तो नाकतोडा तो नव्हे. खऱ्या नाकतोड्याच्या मिशा शरीराच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी लांबीच्या असतात. शंका उरलीच, तर कान शोधावा. लांब मिशांच्या गटातल्या बहुतेक कीटकांचे कान पुढच्या पायाच्या नडगीवर, गुडघ्याच्या थोडे खाली असतात. नाकतोड्याचा कान पोटाच्या पहिल्या खंडावर, पंखाच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना असतो. पंख किंचित उचलला तर ताणलेल्या पातळ पडद्याचा लंबगोल खळगा दिसतो. मादी असेल तर शेपटाकडेही पाहावे. लांब मिशांच्या बऱ्याच माद्यांना तलवारीसारखे किंवा सुईसारखे लांब अंडनलिकेचे पाते असते, तर नाकतोड्याच्या मादीला जमीन उकरण्यासाठी चार आखूड, टणक, टोकाशी वळलेल्या पाळ्या असतात.

दुसरी चाळणी वयाची आहे आणि ती गाळल्यामुळे बराच गोंधळ होतो. ओळखीच्या जवळजवळ सगळ्या खुणा प्रौढ नाकतोड्याच्या असतात. पिल्लांच्या बाबतीत त्या अर्धवट असतात किंवा वेगळ्याच असतात. नाकतोड्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हाच लहानशा नाकतोड्यासारखे दिसते, साधारण पाच-सहा वेळा कात टाकते आणि शेवटच्या कातीनंतर त्याला पूर्ण पंख येतात. तोवर पाठीवर पंखांचे कोंब असतात. आखूड पंख दिसले म्हणजे पिल्लूच, असे मात्र नाही, कारण काही जातींचे प्रौढही आखूड पंखांचे असतात आणि काहींना पंख नसतातच. हा पेच सोडवणारी खूण नेमकी आहे. मोठ्या झालेल्या पिल्लात कोंब उलटे वळलेले असतात, त्यामुळे मागच्या पंखाचा कोंब वर आणि पुढच्या पंखाचा त्याच्या खाली दिसतो. प्रौढ आखूड-पंख्यात पुढचा पंख वर आणि मागचा खाली, हा नेहमीचा क्रम असतो. ज्वारी-बाजरीवर येणाऱ्या हायरोग्लिफस नायग्रोरेप्लेटस या जातीत आखूड आणि लांब अशा दोन्ही प्रकारच्या पंखांचे प्रौढ सापडतात. तिथे ही खूण माहीत नसेल, तर अंडी घालायला निघालेली मादी ‘अजून पिल्लू आहे’ म्हणून सोडून दिली जाते.

खानदेशापुरते बोलायचे तर पावसाळी जातींची अंडी मृगाच्या पावसानंतर जमिनीत फुटतात, आषाढ-श्रावणात बांधावर पिल्लांची दाटी असते आणि प्रौढ दिसू लागतात ते श्रावण संपता संपता. त्यामुळे श्रावणातल्या कानबाईच्या सणासुमारास काढलेल्या फोटोवरून कोणी जातीचे नाव विचारले, तर बऱ्याचदा ‘थोडे थांबा’ हेच प्रामाणिक उत्तर असते. भाद्रपद आणि आश्विन हे ओळख शिकण्यासाठी सर्वांत सोयीचे महिने आहेत.

उलटा करून पाहण्याची जागा

आता मुख्य भागाकडे वळू. नाकतोडा हातात घेऊन उलटा केला आणि पुढच्या दोन पायांच्या मधोमध, गळ्याखाली पाहिले, तर काही जातींत एक लहानशी खुंटी उभी दिसते. शास्त्रीय वर्णनांत या खुंटीला फार मोठे स्थान आहे, कारण तिच्या असण्या-नसण्यावरून नाकतोड्यांच्या सर्वांत मोठ्या कुळाचे, म्हणजे अ‍ॅक्रिडिडी कुळाचे, बरेचसे उपविभाग सरळ दोन बाजूंना पडतात. भातावरचा ऑक्सिया, ज्वारी-बाजरीवरचा हायरोग्लिफस, मोठे टोळवर्गीय नाकतोडे आणि झुडपांवर राहणारे अनेक तपकिरी नाकतोडे यांना खुंटी असते. जमिनीवर बसणारे, उडताना रंगीत पंख दाखवणारे नाकतोडे आणि लांब तिरक्या तोंडाचे गवती नाकतोडे यांना ती नसते.

खुंटीचा आकारही पाहावा. गवतात राहणाऱ्या स्पॅथोस्टर्नम प्रॅसिनिफेरम या लहान हिरव्या जातीत ती टोकाशी चपटी आणि रुंद होते. पटांगा या प्रजातीत ती मागे, छातीकडे, स्पष्ट वाकलेली असते. वाळवंटी टोळात ती जवळपास सरळ आणि बोथट असते. दहापट मोठे दाखवणारे खिशातले भिंग असले की एवढे सगळे शेतातच दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शंभरांतल्या नव्वद फोटोंत मात्र नाकतोड्याची पाठ असते आणि पोटाकडची बाजू कोणीच दाखवत नाही. माझ्या मते नाकतोड्यांची ओळख अवघड वाटते याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

खुंटी पाहताना डोक्याचा शेंडाही पाहून घ्यावा. दोन डोळ्यांच्या पुढे आलेल्या टोकाच्या मध्यावर, अगदी कडेपर्यंत गेलेली बारीक उभी भेग असेल, तर तो पिर्गोमॉर्फिडी या वेगळ्या कुळाचा नाकतोडा असतो. खानदेशात या कुळाचे तीन प्रतिनिधी सहज भेटतात आणि तिघे एकमेकांपासून इतके वेगळे दिसतात की ते एका घरातले आहेत यावर विश्वास बसू नये. रुईवरचा निळा-पिवळा रंगीत नाकतोडा, म्हणजे पोइकिलोसेरस पिक्टस, हा एक. पेरणीनंतर उगवलेले कोंब कुरतडणारा, मातीच्या रंगाचा, खडबडीत अंगाचा क्रोटोगोनस हा दुसरा. त्याच्या छातीची पुढची कड कॉलरसारखी पसरून तोंडाचा खालचा भाग झाकते, आणि ही खूण एकदा पाहिली की तो पुन्हा कधी चुकत नाही. तिसरा अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फा क्रेन्युलाटा. तो सडपातळ, हिरवा आणि निमुळत्या डोक्याचा असतो.

या तिसऱ्याची गफलत अक्रिडा एक्झाल्टाटा या जातीशी हमखास होते. दोघेही गवतात, दोघांचेही डोके टोकदार, दोघेही हिरव्या आणि तपकिरी अशा दोन्ही रूपांत येतात. बाजूबाजूला ठेवले तर फरक असे दिसतात. अक्रिडाचे डोके जास्तच लांब आणि सुळक्यासारखे वर चढलेले असते, डोळे त्या सुळक्याच्या टोकाजवळ बसलेले असतात, मिशा बुडाशी रुंद आणि चपट्या असतात आणि मागचे पाय इतके लांब व किडकिडीत असतात की ते त्या शरीराचे वाटतच नाहीत. अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फाचे पाय आखूड असतात आणि डोळ्याच्या मागून गालावर खाली उतरत छातीपर्यंत जाणारी, दाण्यादाण्यांची एक फिकट ओळ असते. भिंगाखाली हे दाणे वेगवेगळे मोजता येतात. खात्री करायची असेल, तर मागचा पंख उलगडावा: अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फा क्रेन्युलाटाचा मागचा पंख बुडाशी गुलाबी असतो, अक्रिडाचा तसा नसतो. शिवाय अक्रिडाला डोक्याच्या टोकावरची ती भेग नसते. एका टोकदार हिरव्या डोक्यावरून दोन कुळांत घोटाळा होऊ शकतो आणि तो सोडवायला एवढ्या खुणा हाताशी असतात. घाईत मात्र आपण रंगाचीच खूण धरून बसतो.

खोगीर, पंख आणि पाय

डोक्यामागे, पाठीवर आणि दोन्ही बाजूंना खाली उतरलेली जी कडक ढाल असते, ती घोड्यावरच्या खोगिरासारखी दिसते. इथून पुढे तिला खोगीरच म्हणू. खोगिराच्या मध्यावरून एक उभी कणा-रेषा जाते आणि अनेक जातींत दोन्ही कडांना आणखी एकेक रेषा असते. या रेषा आहेत की नाहीत, समांतर आहेत की मध्ये आत वळल्या आहेत, मधली रेषा उंच कण्यासारखी उठली आहे की सपाट आहे, आणि तिला आडव्या खाचा किती ठिकाणी छेदतात, हे सगळे ओळखीला उपयोगी पडते.

हायरोग्लिफस बनियन या जातीत खोगिरावरच्या आडव्या खाचा काळ्या रेघांसारख्या ठसठशीत दिसतात. पिवळट हिरव्या अंगावर त्या दुरूनही लक्षात येतात. ओडेलियस या प्रजातीत खोगिरावर फिकट रंगाची फुली असते. ट्रायलोफिडिया अ‍ॅन्युलाटा हा लहानसा, राखट, रस्त्याच्या कडेला सापडणारा नाकतोडा आहे. त्याच्या खोगिराची मधली रेषा दोन ठिकाणी खोल कापलेली असल्यामुळे बाजूने पाहिल्यावर दोन दात उभे दिसतात. इतकी ठळक खूण फार थोड्या नाकतोड्यांच्या वाट्याला आली आहे. झुडपी जंगलातल्या टेराटोडस मॉन्टिकोलिसचे खोगीर तर पानासारखे उंच उठते, त्याच्याबद्दल कोणाला काही विचारावे लागत नाही.

मागचा पंख ही दडवून ठेवलेली खूण आहे. बसलेल्या नाकतोड्याचा पुढचा, चिवट पंख दिसतो. मागचा पंख त्याखाली घडी करून ठेवलेला असतो. धुळे जिल्ह्यातल्या लामकानीसारख्या राखलेल्या कुरणात किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या बरडावर चालताना पायापासून फर्रकन उडणारे, उडताना रंग दाखवून दहा-बारा पावलांवर पुन्हा जमिनीत गडप होणारे नाकतोडे बहुतेक ईडिपोडिनी या उपकुळाचे असतात. त्यांच्या मागच्या पंखावर काळसर कमानी पट्टा आहे का आणि त्या पट्ट्याच्या आत, बुडाशी, रंग कोणता आहे, हे दोन प्रश्न विचारावेत. पिवळट बूड आणि काळसर पट्टा असेल, तर ओडेलियसकडे पाहावे; लालसर बूड असेल, तर अ‍ॅक्रोटायलसकडे. पंख हिरवट-निळसर झाक असलेला आणि पारदर्शक असेल आणि मागच्या पायाची नडगी वरून फिकट, मध्ये निळसर व टोकाला लाल अशी असेल, तर पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा आयोलोपस थॅलॅसिनस असण्याची शक्यता मोठी आहे. इथे रंगाचा उपयोग होतो, पण तो झाकलेल्या भागांवरचा रंग असतो. उघड्या अंगाचा रंग माती आणि गवताप्रमाणे बदलतो. मागच्या पंखाचा आणि नडगीचा रंग एका जातीत पुष्कळ स्थिर राहतो, म्हणूनच जाणकार त्याला किंमत देतात.

मागच्या मांडीचा आतला पृष्ठभाग, गुडघ्याच्या खालच्या पाळीचा आकार आणि नडगीवरच्या काट्यांच्या दोन रांगा याही पाहण्याच्या जागा आहेत. ऑक्सियाच्या गुडघ्याची खालची पाळी काट्यासारखी टोकदार असते आणि डोळ्यामागून अंगाच्या बाजूने गडद तपकिरी पट्टा जातो. नवापूर भागातल्या भातखाचरात हिरवा, गुळगुळीत, असा पट्टा असलेला नाकतोडा दिसला, तर ही पाळी तपासून खात्री करावी. नडगीच्या टोकाला बाहेरच्या बाजूचा शेवटचा काटा आहे की नाही, एवढ्याशा गोष्टीवरही काही प्रजाती वेगळ्या काढल्या जातात.

शेपटाकडच्या टोकाला नर-मादी कळतात. नर बहुधा लहान असतो आणि त्याच्या पोटाचे टोक वर उचललेले, बंद असते. या टोकाशी दोन्ही बाजूंना जे लहान उपांग असते, त्याचा आकार एकाच प्रजातीतल्या जातींमध्ये वेगवेगळा असतो: कुठे सरळ निमुळते, कुठे वाकलेले, कुठे टोकाशी दुभंगलेले. हायरोग्लिफसच्या जाती खात्रीने वेगळ्या करायच्या असतील, तर नर हाती लागणे आवश्यक आहे. त्याहूनही पक्का पुरावा नराच्या जननेंद्रियातल्या कडक भागांत असतो, परंतु ते पाहायला नमुना उघडावा लागतो आणि सूक्ष्मदर्शक लागतो. बांधावरचे ते काम नाही.

मग टोळ कोणता?

आता मूळ प्रश्न. खानदेशात ज्याच्यावर टोळ असल्याचा संशय घेतला जातो, अशा मोठ्या नाकतोड्यांपैकी चार नावे लक्षात ठेवावीत. वाळवंटी टोळ म्हणजे शिस्टोसेर्का ग्रेगारिया. मुंबईच्या नावाने ओळखला जाणारा बॉम्बे टोळ म्हणजे पटांगा सक्सिंक्टा. त्यांच्याच उपकुळातला, पुढच्या पंखांवर मोठे गडद डाग असलेला सिर्टाकॅन्थाक्रिस टाटारिका. आणि चौथा, दुसऱ्याच उपकुळातला स्थलांतरी टोळ, लोकस्टा मायग्रेटोरिया.

उलटे करून गळ्याखाली पाहिले की चौथा लगेच बाजूला पडतो: लोकस्टाला खुंटी नसते, छातीचा खालचा भाग केसाळ असतो आणि खोगिराची मधली रेषा कण्यासारखी उठलेली असते. उरलेल्या तिघांना खुंटी असते. ती सरळ व बोथट असेल, खोगीर पुढच्या भागात आवळलेले आणि मध्ये जवळपास सपाट असेल, मागचा पंख रंगीत पट्ट्याशिवाय पारदर्शक असेल, तर वाळवंटी टोळाचा संशय धरावा. खुंटी मागे वाकलेली असेल, डोक्यापासून पंखाच्या टोकापर्यंत पाठीवर फिकट पट्टा असेल आणि मागच्या पंखाचे बूड गुलाबी असेल, तर तो बॉम्बे टोळ. फिकट पट्टा सिर्टाकॅन्थाक्रिसच्याही पाठीवर असतो आणि त्याचीही खुंटी मागे वाकलेली असते. पण त्याच्या खोगिराची मधली रेषा छपराच्या आढ्यासारखी उंच असते आणि पंखांवरचे डाग मोठे असतात. डोळ्यांवरच्या उभ्या रेघांवरून वाळवंटी टोळ ओळखता येतो, असे काही जण सांगतात. त्या रेघा त्याच्या जवळच्या नातेवाइकांतही दिसतात, तेव्हा केवळ त्यांच्यावर विसंबू नये.

ऋतूचाही आधार घेता येतो. बॉम्बे टोळाचे प्रौढ पावसाळ्यानंतर लगेच अंडी घालत नाहीत. ते हिवाळा आणि उन्हाळा प्रौढावस्थेतच काढतात आणि पुढच्या पावसाला अंडी घालतात. त्यामुळे माघ-फाल्गुनात, बाकीचे नाकतोडे विरळ झाले असताना, एखादा मोठा तपकिरी नाकतोडा झाडीतून उडाला, तर त्याचे नाव आधी तपासून पाहावे.

वाळवंटी टोळाच्या बाबतीत रंग दगा देतो तो एका खास कारणाने. हा कीटक विरळ असताना एकटा राहतो आणि राखट-तपकिरी दिसतो. दाटी झाली की त्याचे वागणे आणि रंग दोन्ही पालटतात. थव्यातला कोवळा प्रौढ गुलाबी असतो आणि तोच पक्व झाल्यावर पिवळा धमक होतो. एकाच जातीची ही दोन रूपे असतात, हे टोळांच्या बाबतीत बोरिस उवारोव्ह यांनी 1921 साली मांडले. त्याआधी लोकस्टाची दोन रूपे दोन वेगळ्या जाती म्हणून नोंदवली गेली होती. शास्त्रज्ञांची जिथे रंगाने फसगत झाली, तिथे बांधावरच्या माणसाला दोष देण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. एकटा मोठा नाकतोडा दिसणे म्हणजे टोळधाड नव्हे. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात 4 ते 8 कोटी प्रौढ टोळ असू शकतात आणि प्रत्येक टोळ दिवसाला जवळपास स्वतःच्या वजनाइतके, म्हणजे सुमारे 2 ग्रॅम, अन्न खातो. असे काही गावावर आले, तर ओळख पटवायला भिंगाची गरज पडत नाही.

ओळखीचा शेतीला रोजचा उपयोग मात्र वेगळाच आहे. रुईवर गोळा झालेले पिवळ्या अंगावर काळे-तांबडे ठिपके असलेले कीटक पाहून काही जण फवारणीचा पंप काढतात. ती पोइकिलोसेरसची पिल्ले असतात, त्यांचा मुख्य चारा रुई हाच असतो आणि रुईच्या चिकातली विषारी द्रव्ये अंगात साठवून ती पक्ष्यांना बेचव होतात. तो भडक रंग म्हणजे उघड इशारा असतो. याउलट, कोणाच्या नजरेत न भरणारा क्रोटोगोनस जूनमध्ये कपाशीच्या नुकत्या उगवलेल्या ओळी रिकाम्या करू शकतो. हायरोग्लिफसची अंडी बांधाच्या आणि पडीक जागेच्या मातीत असतात, म्हणून उन्हाळ्यात बांध खरडून ती उन्हाला आणि पाखरांना उघडी पाडणे हा जुना उपाय अजूनही कामाचा आहे. कोणता नाकतोडा आहे हे कळल्याशिवाय त्याचे काय करायचे, हे ठरत नाही.

हातात धरताना आणि फोटो काढताना

नाकतोडा एका मागच्या पायाला धरून उचलू नये; तो पाय तोडून देऊन निघून जातो आणि पायाबरोबर ओळखीच्या तीन-चार खुणाही जातात. दोन्ही मागच्या मांड्या एकत्र, अंगाजवळ, दोन बोटांत धराव्यात किंवा मिटलेले पंख पाठीवर धरावेत. तो तोंडातून तपकिरी द्रव काढील. तो अन्ननलिकेतला अर्धवट पचलेला चारा असतो, त्याने इजा होत नाही, कपड्याला डाग मात्र पडतो. रुईवरचा रंगीत नाकतोडा याला अपवाद समजावा. त्याची पिल्ले डिवचल्यावर पाठीकडून द्रवाची चिळकांडी उडवतात, म्हणून त्यांना चेहऱ्याजवळ नेऊ नये आणि नंतर हात धुवावेत.

मागचा पंख पाहायचा असेल, तर पुढचा पंख बोथट काडीने बाजूला सारून मागच्या पंखाची पुढची कड हलकेच पुढे ओढावी. तो पंख्यासारखा उलगडतो. फोटो वरून सरळ, बाजूने डोळ्याच्या पातळीवर, समोरून तोंडाचा, मागच्या मांडीच्या आतल्या बाजूचा, उलगडलेल्या पंखाचा आणि गळ्याखालच्या खुंटीचा, असे सगळे काढावेत. लांबी कळावी म्हणून शेजारी पट्टी ठेवावी. पट्टी नसेल तर दहा रुपयांचे नाणे चालते, त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. लांबी डोक्याच्या टोकापासून मिटलेल्या पंखाच्या टोकापर्यंत मोजावी, मिशा धरू नयेत.

एवढे करूनही कित्येकदा प्रजातीपर्यंत पोहोचता येते आणि जात लागत नाही. क्रोटोगोनसच्या बाबतीत फोटोवरून जातीचे नाव ठामपणे सांगणाऱ्याकडे मी नेहमी थोड्या संशयाने पाहतो, कारण त्यांच्या पंखांची लांबी एका जातीतही बदलते. अशा वेळी ‘क्रोटोगोनस, जात अनिश्चित’ असे लिहिणे हीच पूर्ण आणि बरोबर नोंद असते. पक्के नाव हवेच असेल, तर भारतीय प्राणी सर्वेक्षण या 1916 साली स्थापन झालेल्या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. अशा ठिकाणच्या तज्ज्ञांना नर आणि मादी दोन्हींचे नमुने लागतात. नमुना वाळला की हिरवा रंग उडून तो भुरा होतो, म्हणून जिवंतपणीचा रंग लगेच कागदावर लिहून ठेवावा आणि त्याच चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, जमीन काळी की बरड, आणि नाकतोडा कोणत्या गवतावर, पिकावर किंवा झुडपावर बसला होता, हेही पेन्सिलीने लिहावे. शाई ओली झाली की पसरते.